‘वय झालं’ हे निदान नाही : आमच्या माऊलीचं म्हातारपण

(या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आज कोड, नोकरी, इंटरव्ह्यू यातलं काहीच नाही. आज माझ्या घरातल्या एका अकरा वर्षांच्या बाईंबद्दल बोलायचंय. त्या आत्ता माझ्या पायाशी झोपल्यात. मध्येच घोरण्याचा आवाज आला तर तो त्यांचाच. एडिट करणार नाहीये.

तर मी डब्लिनमध्ये राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आणि माझ्याकडे एक रिटायर झालेली रेसिंग ग्रेहाउंड आहे. आयर्लंडमध्ये ग्रेहाउंडच्या शर्यती हा मोठा धंदा आहे. कुत्री साधारण सव्वा-दीड वर्षाची झाली की ट्रॅकवर धावायला लागतात, ताशी ६५-७० किलोमीटरच्या वेगानं. आणि तीन, चार, फार तर पाच वर्षांची झाली की त्यांचं करिअर संपतं. त्यानंतरचं आयुष्य कुणाच्या तरी घरी काढायचं असतं. घर मिळालं तर.

माझी चार वर्षांची असताना रिटायर झाली. एका कुटुंबाकडे तीन वर्षं राहिली, ते देश सोडून गेले आणि ही परत शेल्टरमध्ये आली. सात वर्षांची कुत्री कुणाला नको असते. मी गेले होते तरुण कुत्रा बघायला. ही उठली, आली, माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. ग्रेहाउंड असे टेकतात. सत्तावीस किलो वजन अंगावर टाकून शांत उभे राहतात. झालं, ठरलं.

तिचं नाव मॉली. आई सांगोल्याला असते. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, “काय नाव म्हणालीस? माऊली?” मी म्हटलं, “अगं, मॉली.” तर म्हणाली, “तेच ते. माऊली.” आमचं घर वारकऱ्यांचं. मी म्हटलं, “अगं, कुत्रीला माऊली कसं म्हणायचं?” तर आई म्हणाली, “वारीत सगळ्यांनाच म्हणतात की. आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्याच मागं धावले होते ना?” मी म्हटलं, “ते कुत्रं ग्रेहाउंड असतं तर महाराजांना गाठता आलं नसतं.”

एक गंमत म्हणून सांगते, पण तुपाची वाटी मात्र खरंच देऊ नका हं. एकदम जास्त तेलकट-तुपकट पोटात गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या ती जिवावर बेतू शकते.

सहा आठवडे मी काय करत होते?

आता मुद्द्यावर येते. हा भाग मी करतेय कारण माझी एक मोठी चूक झाली, आणि ती चूक आपण सगळेच करतो.

माऊली नऊ वर्षांची असताना लंगडायला लागली. पुढचा उजवा पाय. फार नाही, थोडंसंच. मी स्वतःला सांगितलं, वय झालं. थंडी आहे. सांधे धरले असतील. सहा आठवडे मी हेच सांगत राहिले. फिरायला जाताना ती फुटपाथवर थांबायची, माझ्याकडे बघायची, मी म्हणायचे, “चल गं म्हातारे.”

मग एका रात्री मी गूगल केलं. ते करायला नको होतं, किंवा सहा आठवडे आधी करायला हवं होतं. ग्रेहाउंडमध्ये हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा, इतर बऱ्याच जातींपेक्षा खूप जास्त होतो. बहुतेक वेळा पायाच्या लांब हाडात सुरू होतो: खांद्याजवळ, मनगटाजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. आणि पहिलं लक्षण काय? थोडंसं लंगडणं. हाड आतून पोखरत जातं आणि कधीकधी एखाद्या साध्या उडीत मोडतं. त्या रात्री मी झोपले नाही.

सकाळी व्हेटकडे. एक्स-रे काढले. हाड स्वच्छ! मग डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: “गवतावर पण लंगडते का?”

मी विचार केला. नाही. गवतावर ती छान चालायची. फक्त फुटपाथवर, टाइल्सवर, खडीवर लंगडायची. डॉक्टरांनी पंजा उलटा केला, गादी ओली केली आणि मला दाखवलं. मधल्या बोटाच्या गादीत एक गोल, कडक, फिकट चकती. चण्याच्या डाळीएवढी. कुरूप! आपल्याकडे माणसांच्या तळपायाला होतं तेच, ज्याला भोवरी पण म्हणतात. कुत्र्यांमध्ये हे बहुतेक ग्रेहाउंडलाच होतं. पंजा सडपातळ, गादीखाली चरबी कमी, सगळा भार एका जागी. चपलेत खडा अडकलाय आणि चप्पल काढता येत नाही, असं सहा आठवडे. आणि मी म्हणत होते, वय झालं.

डॉक्टरांनी ते कोरून काढलं. भूल लागत नाही. पण ते परत येतं, दर काही आठवड्यांनी कोरावं लागतं. बाहेर जाताना आम्ही जाड तळाचा बूट घालतो, फक्त एका पायात. अलीकडे एक ऑपरेशनही करतात. त्या बोटाकडे जाणारा वरचा स्नायूबंध कापतात, म्हणजे बोटाचा कोन बदलतो आणि गादीवरचा भार हलका होतो. आमचं कोरण्यावर भागतंय.

यातून मी एक नियम केला, तुम्हीही लिहून ठेवा. मोठ्या जातीचं वयस्कर कुत्रं लंगडतंय आणि चार-पाच दिवसांत बरं झालं नाही, तर एक्स-रे. “वय झालं” हा शब्द एक्स-रे बघितल्यानंतर उच्चारायचा, आधी नाही. आणि जाताना डॉक्टरांना सांगायला तीन गोष्टी बघून ठेवायच्या: कडक जमिनीवर जास्त की मऊवर, उठल्या उठल्या जास्त की चालून चालून, आणि कुठला पाय. मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर घाबरून सगळी कुत्री सरळ चालतात.

रिपोर्टमधले लाल बाण

दुसरा किस्सा. दहाव्या वर्षी रूटीन रक्त तपासणी केली. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेलो. रिपोर्ट आला तर चार ठिकाणी लाल बाण. लाल पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन जास्त, थायरॉइड कमी. तिथं मला सांगितलं, थायरॉइडची गोळी सुरू करा, आयुष्यभर, आणि किडनीचं जरा बघायला लागेल.

मी घरी येऊन रडले. मग रिपोर्ट नेहमीच्या डॉक्टरांना मेल केला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. त्याचा अर्थ असा, की हा रिपोर्ट ग्रेहाउंडचा आहे, आणि ग्रेहाउंडसाठी तो नॉर्मल आहे.

आता तुम्ही इंजिनियर असाल तर तुम्हाला हे लगेच समजेल. लॅबची जी रेंज असते ती सगळ्या जातींच्या सरासरीवरून काढलेली असते. ग्रेहाउंड त्या सरासरीत बसतच नाही. धावण्यासाठी घडवलेलं शरीर आहे ते. रक्तात लाल पेशींचा वाटा इतर कुत्र्यांत ४०-५० टक्के असेल तर यांच्यात ५० ते ६५ टक्के. प्लेटलेट मुळातच कमी. स्नायू भरपूर, म्हणून क्रिएटिनिन थोडं वर. आणि टी-फोर नावाचं थायरॉइडचं संप्रेरक इतर कुत्र्यांच्या साधारण निम्मं. सिस्टिममध्ये बिघाड नव्हताच, अलर्टची मर्यादा चुकीची लावली होती.

याचा अर्थ ग्रेहाउंडला थायरॉइडचा किंवा किडनीचा आजार होतच नाही असा नाही. होतो. म्हणून एकाच रिपोर्टवर नाचायचं नाही आणि रडायचंही नाही. कुत्रं ठणठणीत असताना, सहा-सात वर्षांचं असताना, एकदा सगळं रक्त तपासून ठेवायचं. तो आपला बेसलाइन. पुढचा प्रत्येक रिपोर्ट लॅबच्या रेंजशी ताडून बघायचाच, पण तिच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यांशीही ताडायचा. क्रिएटिनिन दर वेळी चढतंय का? सोबत लघवीची तपासणी, रक्तदाब. माझ्याकडे एक स्प्रेडशीट आहे. ऑफिसच्या स्प्रेडशीटपेक्षा नीट ठेवलेली.

दात, भूल आणि गुरुवारची सकाळ

तिसरी गोष्ट दातांची. ग्रेहाउंडचे दात लवकर खराब होतात, हिरड्या सडतात. माऊलीच्या तोंडाला वास यायचा, मी त्यालाही वय म्हणत होते. सवय जात नाही हो! मग ती कडक बिस्किट तोंडात धरून खाली टाकायला लागली. तपासलं तर नऊ दात काढायचे ठरले, पूर्ण भूल देऊन.

भुलेच्या बाबतीत या जातीचं वेगळं प्रकरण आहे. अंगावर चरबी नाही आणि यकृत काही औषधं सावकाश मोडतं. थायोपेंटोनसारख्या जुन्या औषधातून हे कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही. आता बहुतेक ठिकाणी दुसरी औषधं वापरतात, पण विचारायचं. विचारण्यात लाज नाही. शिवाय टेबलावर अंग पटकन थंड पडतं, म्हणून ऊब देण्याची सोय हवी.

आमचं ऑपरेशन मंगळवारी झालं. छान झालं. बुधवारी ती मऊ भात-चिकन जेवली, शेपटी हलवली. मी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. आणि गुरुवारी सकाळी उठले तर तिच्या गादीवर रक्ताचा डाग. छोटा नाही, ताटाएवढा. हिरडीतून रक्त झिरपत होतं आणि जबड्याखाली निळं पडलं होतं.

ग्रेहाउंडमध्ये हे होतं. ऑपरेशनच्या वेळी रक्त नीट गोठतं, नेहमीच्या तपासण्याही नॉर्मल येतात. पण ती गुठळी शरीर गरजेपेक्षा लवकर विरघळवून टाकतं, आणि साधारण दीड-दोन दिवसांनी पुन्हा रक्त सुटतं. म्हणजे आपण निर्धास्त झालो की. यावर औषध आहे: ट्रॅनेक्सामिक ॲसिड. हो, तीच गोळी जी आपल्याकडे पाळीत जास्त रक्तस्राव झाला की देतात. कुत्र्याचा डोस डॉक्टरच ठरवणार, घरातली गोळी द्यायची नाही. आम्हाला त्या सकाळी दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, पुढं चार दिवस गोळ्या, आणि रक्त थांबलं. काही डॉक्टर ग्रेहाउंडला हे औषध ऑपरेशनच्या आधीपासूनच देतात. मला माहीत असतं तर मी मंगळवारीच विचारलं असतं. आता तुम्हाला माहीत आहे.

हे फक्त परदेशातलं कौतुक नाही बरं का. आमच्या सोलापूर-सांगली पट्ट्यात कारवानी कुत्री आहेत, पलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड आहेत. तीही याच बांध्याची, लांब तोंडाची, पोट आत गेलेली, नजरेनं शिकार टिपणारी. तुमच्या घरी कारवानी असेल तर भूल देण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर सांगा, की हे सडपातळ धावणारं कुत्रं आहे, औषध त्या हिशेबानं निवडा.

घर बदलतं

आता माऊली अकरा वर्षांची. ग्रेहाउंड बारा-तेरा वर्षं जगतात, कधी थोडं जास्त. मागचे पाय अशक्त झालेत. चालताना नखं फरशीला घासतात, खर्र खर्र. आधी मला वाटलं नखं वाढली. प्रत्यक्षात मणक्याच्या शेवटी, कंबरेजवळ, नसांवर दाब येतो, म्हणून पाऊल पूर्ण उचललं जात नाही. गाडीत उडी मारणं बंद झालं ते त्यामुळेच. मी म्हणायचे हट्टी झालीय.

घरात काय काय केलं ते पटापट सांगते. लाकडी फरशीवर योगा मॅट आणि पायपुसण्यांचा रस्ता केला, गादीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत. घर कबड्डीच्या मैदानासारखं दिसतं, चालतं. झोपायला जाड फोम, कारण हाडांवर मांस नाही, कडक जागी झोपलं की कोपराला घट्टे आणि जखमा होतात. हिवाळ्यात घरातही स्वेटर. गळ्यात पट्टा न लावता छातीचा हार्नेस, कारण तिचं भुंकणं बसक्या आवाजाचं झालंय आणि श्वासाला खरखर येते. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये घशातली श्वासाची झडप नीट उघडेनाशी होते, उन्हात ते धोक्याचं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाला फिरणं, दुपारी पंखा. आणि तिला ऐकू कमी येतं. झोपेत हात लावला की दचकून दात लागू शकतो, हा ग्रेहाउंडचा जुनाच स्वभाव. म्हणून आधी फरशीवर पाय आपटायचा, तिनं डोळा उघडला की मग जवळ जायचं. पाहुण्यांची लहान मुलं आली की हे पहिलं सांगते.

वजनाबद्दल आईशी भांडण होतं. “किती वाळलीय गं ती, खायला घाल.” शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे ग्रेहाउंडला बरोबर आहे. जास्तीचा प्रत्येक किलो त्या कंबरेवर येतो. पण मांडीचा स्नायू जातोय का, तिकडे लक्ष ठेवायचं.

आणि हात जोडून एक सांगते. दुखतंय म्हणून माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, काही नाही. पोटात अल्सर, किडनी निकामी, यकृत निकामी. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, ती रक्त तपासून देतात. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही. शिऱ्यातला एक बेदाणासुद्धा नाही.

आजोबांचा वाघ्या

आईला मी हे सगळं फोनवर सांगत असते. दात काढले तेव्हाही सांगितलं, की बघ, बिस्किट टाकून द्यायची, तोंड दुखत होतं, आता परत कडकडा खाते.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “आपल्या वाघ्याचं पण दातच दुखत असतील का गं?”

वाघ्या म्हणजे माझ्या आजोबांचा कारवानी. मी पाच-सहा वर्षांची होते. शेवटी शेवटी तो भाकरी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. आजोबा म्हणायचे, “वय झालं त्याचं, आता सोडलं त्यानं.” बाभळीखाली पडून असायचा. महिन्याभरात गेला. कुणी वाईट नव्हतं. आजोबांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. दुधात भाकरी कुस्करून दिली असती तर? आईला इतक्या वर्षांनी ते आठवलं आणि ती रडली. मीही.

मग मी विषय बदलायला विचारलं, “तुझा गुडघा कसा आहे?” तर म्हणाली, “त्याला काय होतंय. वय झालं आता.”

मी काहीच बोलले नाही. दोन सेकंदांनी ती स्वतःच हसली. म्हणाली, “बरं बाई, दाखवून येते.” दाखवून आलीय. एक्स-रे काढलाय. व्यायाम दिलेत, करते की नाही ते माऊलीलाच माहीत.

शेवटचं

एक वही आहे. रोज रात्री त्यात माऊलीच्या पाच गोष्टी लिहिते: जेवली का, स्वतः उठली का, बाहेर जायला दारापाशी आली का, माझ्या मांडीला टेकली का, रात्री शांत झोपली का. पाचपैकी किती. डॉक्टरांशी बोलून ठरवलंय, की सलग काही दिवस दोनच्या खाली आलं तर बसून बोलायचं. तो निर्णय मला एखाद्या रात्री दोन वाजता, घाबरून, इमर्जन्सीच्या दारात घ्यायचा नाहीये. आणि माझ्यासाठी तिला ओढत ठेवायचं नाहीये. आत्ता निर्णय दूर असतानाच हे लिहून ठेवलंय, कारण जवळ आला की मला काही सुचणार नाही हे मला माहीत आहे.

मी ‘वय झालं’ म्हणणं अजून सोडलेलं नाही. फक्त ते वाक्य आता मी पहिलं बोलत नाही. आधी पंजा उलटा करून बघते, तोंड उघडून बघते, व्हिडिओ काढते, वहीत मागचं पान बघते. सगळं बघून झाल्यावर जे उरतं ते वय. त्याचं मला काही करता येत नाही. बाकीच्याचं येतं.

कालचे आकडे सांगते. पाचपैकी चार. उठताना मदत लागली. पण आज सकाळी मी माइक लावत होते तर आली, आणि टेकली.

तुमच्या घरी म्हातारं कुत्रं, मांजर असेल तर आज त्याचा पंजा हातात घेऊन बघा. आणि माणूस असेल तर फोन करा, गुडघ्याचं विचारा. भेटू पुढच्या भागात. माऊलीकडून रामराम!